साबुदाण्याची खिचडीसुद्धा नको म्हणते

प्रश्न : माझी मोठी मुलगी दहावीत आहे. गेल्या वर्षी एका लग्नात घागऱ्याची चेन लागेना, तेव्हा तिची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "कुठल्या चक्कीचं पीठ खातेस गं?" सगळे हसले, तीही हसली. मग तिनं साखर सोडली, भात सोडला, तूप सोडलं. सुरुवातीला आम्हीच कौतुक केलं. आता वजन ५३ वरून ४१ वर आलंय आणि चार महिने पाळी नाही. सोमवार, शनिवार, चतुर्थी असे उपास धरते. आमच्यासाठी हौसेनं केक करते, स्वतः चाखतही नाही. हे म्हणतात, दहावीचं टेन्शन आहे. सासूबाई म्हणतात, पोर धार्मिक झाली. दोष मोबाईलचा की आमचा? धाकटी अकरा वर्षांची आहे, तिचीही धास्ती वाटते.
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, दोष कुणाचा ते नंतर बघू. आधी याच आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे न्या. नाडी, बसून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट एवढं तपासून घ्या. दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल किंवा भोवळ येत असेल, तर थेट दाखल करावं लागतं. नुसत्या पाळी आणायच्या गोळ्यांवर थांबू नका; वजन भरल्याशिवाय पाळीचं गाडं रुळावर येत नाही. आणि घाबरून एकदम लाडू-तुपाचा माराही नको. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की फॉस्फेट घसरतं, ते जिवावर बेतू शकतं. आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानं, टप्प्याटप्प्यानं वाढवायचा.

तुम्ही सांगताय त्यावरून हा अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं खाणं तोडत नेण्याचा मानसिक आजार, असावा असा माझा दाट संशय आहे. मोबाईल आगीत तेल ओततो, पण या आजाराला हे नाव १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी दिलं. तेव्हा कुठलं आलंय रील?

चेष्टा तर पुष्कळ मुलींची होते, मग हिलाच का? यात अनुवंशाचा वाटा बराच मोठा असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय. दुसरं म्हणजे स्वभाव. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी हमखास विचारते : लहानपणी वहीत खाडाखोड झाली की पान फाडून पहिल्यापासून लिहायची का? बहुतेक जणी चमकून बघतात. काटेकोर, काळजीखोर, सगळ्यांना आवडणारी 'शहाणी' पोर इथे जास्त सापडते. त्यात वयात येताना अंगावर चरबी चढतेच, ती चढायलाच हवी. नेमकं तेव्हाच कुणीतरी चक्कीचं पीठ काढतं.

आणि मग डाएट. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या शाळकरी मुलांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते : कडक डाएट करणाऱ्या मुलींमध्ये पुढच्या सहा महिन्यांत खाण्याचा विकार जडण्याचं प्रमाण डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट होतं. आपण मात्र 'किती छान बारीक झालीस' म्हणून पाठ थोपटतो.

केकचं कोडंही यातच सुटतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना प्रयोग म्हणून सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर काही जण चक्क पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. तुमची लेक नाटक करत नाहीये, ती भुकेली आहे.

उपासाबद्दल सासूबाईंना दुखवायचं नाही. उपासानं हा आजार होत नाही, पण त्याला आडोसा छान मिळतो. आपल्याकडे 'मी जाड आहे' असं न म्हणता 'ॲसिडिटी होते', 'भूकच नाही', 'आज उपास आहे' म्हणणाऱ्या मुली पुष्कळ. माझी साधी खूण आहे : उपास धरणारी पोर दुपारी साबुदाण्याच्या खिचडीवर, दाण्याच्या कुटासकट, तुटून पडते. हिला खिचडी, वरी, बटाटा सगळंच नको असेल, तर तो उपास देवाचा नाही. तूर्त सगळे उपास बंद, आणि ते सासूबाईंनीच तिला सांगितलं तर फारच उत्तम.

तुमचं चुकलं म्हणून हे झालेलं नाही, पण यातून बाहेर काढायला तुम्हीच लागणार. या वयात सगळ्यात उपयोगी पडते ती कुटुंबासकट उपचारपद्धती : काही काळ काय नि किती वाढायचं ते आईबाबा ठरवतात, समोर बसतात आणि ताट संपेपर्यंत उठत नाहीत. रडारड होईल, दारं आपटतील. ह्यांनाही सुट्टी नाही. रात्रीचं ताट त्यांच्याकडे द्या. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

धाकटीचं म्हणाल, तर सख्ख्या बहिणीला धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिला पथ्यं लावू नका. बाथरूममधला वजनकाटा उचलून माळ्यावर टाका. जेवताना कुणाच्याही वजनाचा विषय नको, तुमच्या स्वतःच्याही नाही. आणि आत्याबाईंना पुढच्या कार्याआधी फोन करून स्पष्ट सांगा; वाईटपणा आला तर येऊ द्या.