भट्टीत चित्र नाहीसे का होते?

प्रश्न : मी हाताने घडवलेल्या स्टोनवेअरच्या (जास्त तापमानाला भाजलेल्या टणक मातीच्या) मगांवर आमच्या जुन्या वाड्याची छायाचित्रे उमटवू पाहत आहे. डिकॅल कागदावर (ज्यावरचे चित्र सोडवून दुसऱ्या वस्तूवर चिकटवता येते अशा कागदावर) रंगीत लेझर प्रिंट काढून ती ग्लेझ केलेल्या, म्हणजे काचेसारखा लेप दिलेल्या, मगावर बसवली. भट्टीत ठेवण्यापूर्वी चित्र सुरेख दिसत होते. भाजल्यावर मात्र मग कोरा पांढरा निघाला. असे का झाले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण डिकॅल नीट बसवले होते, अडचण टोनरची, म्हणजे लेझर प्रिंटरमधील भुकटीसारख्या शाईची आहे. रंगीत टोनरमधील रंगद्रव्ये बहुतांशी सेंद्रिय असल्यामुळे ती भट्टीत जळून जातात. टिकते ते लोह. काही कृष्णधवल लेझर प्रिंटरांच्या टोनरमध्ये काळे लोह ऑक्साइड असते. धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईने छापलेले आकडे वाचता येतात तेही अशाच घटकामुळे. म्हणून कार्ट्रिजच्या सुरक्षा-माहितीपत्रकात लोह ऑक्साइडचे प्रमाण आधी पाहावे. रीफिल केलेल्या कार्ट्रिजवर विसंबू नये, कारण त्यात भरलेला टोनर मूळ जातीचाच असेल असे नाही.

१२०० अंश सेल्सिअसच्या पुढे पक्व होणाऱ्या ग्लेझवर हे डिकॅल साधारण १००० ते १०६० अंशांना पुन्हा भाजतात. त्या तापमानाला ग्लेझ जेमतेम मऊ होते आणि लोह त्यात रुतून बसते. उष्णता कमी पडली तर चित्र वरवर राहून खरवडले जाते, जास्त झाली तर लोह ग्लेझमध्ये विरघळून रेषा फिकटतात. म्हणून त्याच मातीच्या आणि त्याच ग्लेझच्या लहान फरशीवर आधी चाचणी घ्यावीच.

चित्र तपकिरी उमटेल, आणि वाड्याच्या छायाचित्रांना तो रंग माझ्या मते फार शोभतो. संगणकावर छायाप्रकाशातील भेद मात्र ठळक करावा, कारण फिकट करड्या छटा भट्टीत हरवतात. पाण्यात भिजवून सरकवायच्या डिकॅलसाठी चित्र उलटे छापावे लागत नाही. मगाच्या गोलाईवर कडेला बारीक चिरा द्याव्यात आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे दाबत पाणी व हवेचे बुडबुडे पूर्ण काढावेत, नाहीतर नेमक्या त्याच जागी चित्राला भोक पडते. डिकॅल दिवसभर वाळू द्यावे. त्यावरचा पातळ थर जळताना धूर होतो, तेव्हा सुरुवातीला भट्टी सावकाश तापवावी आणि खोली हवेशीर ठेवावी.

टोनर खाद्यपदार्थांसाठी बनवलेला नसतो. त्यामुळे चित्र मगाच्या बाहेरच्या बाजूस आणि ओठ टेकतात त्या काठापासून बरेच खाली बसवावे.