टोकन पाठवण्याआधी आरडी उघडा

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, पुण्यात धायरीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोघांचे मिळून महिन्याला १,२८,००० हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता ४३,०००, लेकीच्या शाळेसकट घरखर्च ५८,०००, एसआयपी १२,०००. शिवाय दीड लाखाची एफडी आहे. चौथीतल्या लेकीला गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू हवंय. एक ब्रीडर ४५,००० सांगतोय आणि उद्यापर्यंत १०,००० टोकन जीपे करा म्हणतोय. पिल्लू पस्तीस दिवसांचं आहे, खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर आणून देईल. मी म्हणते एफडी मोडू. मिस्टर म्हणतात बँकेच्या ॲपवर दोन वर्षांचं पर्सनल लोन तयार दिसतंय, ते घेऊ. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात मोठं कुत्रं चालणार नाही. काय करावं?

उत्तर : ताई, एफडी नको आणि लोनही नको. टोकन तर मुळीच पाठवू नका.

हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचे महिन्याला १,०१,००० जातात. म्हणजे दीड लाखाची एफडी हा जेमतेम दीड महिन्याचा आधार. सहा महिन्यांचा असावा असं आम्ही लोकांना सांगतो, तुम्ही त्याच्या पाव वाटेवर आहात. त्यातूनच ४५,००० काढले तर उरेल काय? आणि लोन घेतलंत, तर पिल्लू वाढून सोफाभर पसरायला लागलं तरी हप्ता चालूच राहील.

पण खरं सांगायचं तर पिल्लाची किंमत हा या हिशेबातला लहान आकडा आहे. वाढलेल्या गोल्डनचा महिन्याचा खर्च मी असा धरतो : खाणं ४,५००, डॉक्टर-जंतनाशक-गोचिडांचं औषध मिळून सरासरी १,५००, ग्रूमिंग १,२००. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, म्हणून फिरवायला माणूस ३,०००. गणपतीत आणि मे महिन्यात गावाला गेलात की बोर्डिंग, ते वर्षावर पसरून ८००. झाले ११,०००. कमीजास्त होईल, पण फार नाही. ही जात साधारण दहा-बारा वर्षं जगते. आजच्याच भावाने अकरा वर्षं धरली तरी साडेचौदा लाख होतात.

तुमच्याकडे महिन्याला शिल्लक राहतात १५,०००. म्हणजे परवडतं, पण अंगाबरोबर. हातात ४,००० उरतील, आणि त्यातूनच एफडी वाढवायची आहे. एसआयपीला हात लावून मात्र कुत्रं पाळू नका.

म्हणून माझा सल्ला असा. आजच दरमहा ११,००० ची सहा महिन्यांची आरडी उघडा आणि कुत्रं घरात आलंय असं समजूनच राहा. हॉटेल, ऑनलाइन खरेदी, वाढदिवस, सगळं उरलेल्या पैशांत बसवून बघा. तिसऱ्या महिन्यातच हप्ता चुकवावासा वाटला, तर उत्तर तुम्हाला फुकटात मिळालं. निभावलंत, तर मुदत संपताना ६६,००० आणि थोडं व्याज हातात असेल. पिल्लू, सुरुवातीच्या लसी, पिंजरा, भांडी, एवढं सगळं त्यात बसतं आणि एफडी जागेवर राहते. सहा महिने म्हणजे दिवाळी उलटलेली असेल. फटाक्यांत नवं पिल्लू घरात नसलेलंच बरं.

या मधल्या काळात शोध नीट घ्या. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तुमचं पस्तीस दिवसांचं, म्हणजे पाच आठवड्यांचं. टोलनाक्यावर गाडीतून पिल्लू हातात देणारा माणूस तुम्हाला त्याची आई आणि जागा दाखवायचं टाळतोय, हे सरळ आहे. अशा पिल्लाला पार्व्हो हा विषाणूचा आजार निघाला तर उलट्या, रक्ताचे जुलाब आणि चार-पाच दिवस सलाइन. बिल पाहता पाहता पिल्लाच्या किमतीजवळ जातं, आणि पिल्लू वाचेलच असंही नाही. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर वंशावळ सांगतात, तब्येत नाही. गोल्डनमध्ये खुब्याचा आजार बराच आढळतो, तेव्हा आई-बापाचे खुब्याचे एक्सरे मागा. हे विचारल्यावर चिडणाऱ्या ब्रीडरकडून घेऊ नका.

मला विचाराल तर मी देशी पिल्लू दत्तक घेईन. त्याला किंमत नाही, ते मध्यम अंगाचं म्हणून खातं कमी आणि पुण्याच्या उन्हाळ्यात त्याचे हाल होत नाहीत. वाचलेले ४५,००० तसेच वेगळ्या खात्यात डॉक्टरसाठी ठेवता येतात. पण हट्ट लेकीचा आहे, माझा नाही.

कुत्र्याचा विमा मिळतो. लसीकरण आणि आधीपासूनचे आजार त्यात सहसा धरत नाहीत, सुरुवातीचा प्रतीक्षा काळही असतो. अटी वाचल्याशिवाय प्रीमियम भरू नका. तुमच्या बाबतीत मी आधी ३०,००० चा वेगळा फंड करेन, विमा नंतर.

आणखी एक खर्च लोक धरत नाहीत, तो रजेचा. दोन महिन्यांचं पिल्लू आठ तास एकटं ठेवता येत नाही, आणि लसींचा कोर्स पुरा होईपर्यंत त्याला खाली फिरवायचंही नसतं. पहिले दोन-तीन आठवडे कोण घरी राहणार, रजा बिनपगारी तर होणार नाही ना, हे दोघांनी आत्ताच ठरवा. महापालिकेचा परवानाही काढायचा आहे, पण त्याची फी किरकोळ असते.

सेक्रेटरींचं म्हणाल तर जातीवरून किंवा आकारावरून पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याची प्रिंट काढून त्यांना द्या. कुत्र्याची घाण उचलायची जबाबदारी मात्र तुमची, आणि ती सकाळी साडेसहाला कोण पार पाडणार हे लेकीशी आधी बोलून घ्या.