वाक्यात 'जणू' आला की उत्प्रेक्षा अलंकारच समजायचा का?
बहुतेक वेळा हो, पण नुसता शब्द नको, त्यामागची कल्पना पाहा. 'ज्वारीचे दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत' यात साम्य सांगितले आहे, म्हणून उपमा. 'ज्वारीचे दाणे जणू मोतीच' म्हटले की दाणे हे मोतीच असावेत अशी कल्पना केली जाते, ती उत्प्रेक्षा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात उत्प्रेक्षेची ओळख 'संभावना', म्हणजे 'तसे असावे अशी कल्पना', या शब्दाने करून दिली आहे. तो एक शब्द धरून ठेवलात तर गोंधळ उरत नाही. गमे, वाटे, भासे हेही तिचेच शब्द. मात्र 'मला वाटते पाऊस येईल' यात 'वाटते' असूनही उपमान, म्हणजे जिच्याशी तुलना करायची ती गोष्ट, नाही; तिथे अलंकार शोधू नका. आणि 'हे दाणे हेच आमचे मोती' असे ठाम म्हटले, तर ते रूपक.