वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मँड्रेक या कॉमिक्समधल्या नायकांच्या कथा एकाच लेखकाच्या का?

हो, दोन्ही ली फॉक यांच्याच. जन्म 1911, अमेरिकेतलं सेंट लुईस. मँड्रेक 1934 मध्ये वर्तमानपत्रात सुरू झाला, वेताळ 1936 मध्ये, आणि 1999 मध्ये मृत्यू येईपर्यंत दोन्हींचं लेखन त्यांनी सोडलं नाही. साठहून अधिक वर्षं! चित्रकार बदलत गेले (वेताळाचे आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय, 1961 पासून साय बॅरी), पण कथेची सूत्रं फॉक यांच्याच हातात राहिली.

मला त्यांची खरी करामत वाटते ती वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत. तीन-चार चौकटी, त्यात कालचा धागा उचलायचा, गोष्ट पुढे सरकवायची आणि शेवटच्या चौकटीत वाचकाला उद्यापर्यंत लटकवून ठेवायचं. हे महिनोन्‌महिने, एकाच वेळी दोन मालिकांसाठी. शिवाय ते नाटकवाले होते. नाटकं लिहिली, बसवली, नाट्यगृहं चालवली. संवाद इतके नेमके का, ते त्यावरून कळतं.

आपल्याकडे 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ घरोघरी नेला, मराठीतूनही. कवटीची गुहा, जंगलातले बुटके बांदार आदिवासी, पांढराशुभ्र घोडा हे सगळं फॉक यांच्याच डोक्यातून आलेलं.