गर्दी नसलेल्या ज्वालामुखी बेटावर निवांत सुट्टी घालवायची आहे. कुठे जावं, किती दिवस पुरेत आणि खर्च किती येईल?

रॉड्रिग्स. मॉरिशसच्या पूर्वेला साधारण 560 किलोमीटरवर, मॉरिशसचंच बेट. आधी मॉरिशस गाठायचं, तिथून छोट्या एटीआर विमानाने दीडेक तास. 'कुठे'चं उत्तर संपलं. 'किती दिवस' यावरून मात्र आमच्याकडे अजून धुसफूस चालू आहे.

आम्ही आणि साडूंचं कुटुंब मिळून गेलो होतो. साडू सहलीला निघाले की खिशात यादी असते. पॉइंट झाला की टिक. पोर्ट मॅथ्युरिनला, म्हणजे बेटाच्या मुख्य गावात, सामान टाकून चहाही झाला नव्हता, तोवर त्यांचं सुरू, "अहो, इथे बघायला आहे काय?" बेट जेमतेम 18 किलोमीटर लांब. सगळ्यात उंच डोंगर माँ लिमाँ, 398 मीटर. सिंहगडाची चढण याहून जास्त भरेल. तो त्यांनी जेवणाआधी उरकला. मग ज्वालामुखी कुठाय म्हणून विचारणा. तो केव्हाच निवला, इथला लाव्हाच 15 लाख वर्षांचा जुना, असं सांगितल्यावर म्हणाले, "काळा दगडच बघायचा होता तर लोणावळा काय वाईट होतं?"

खरं तर दख्खनचा काळा दगड ज्या तप्तबिंदूतून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येणाऱ्या जागेतून, ओतला गेला, त्यातूनच पुढे मॉरिशस आणि रियुनियन ही बेटं झाली. हे सांगायला गेलो तर, "म्हणजे घरचंच झालं की!" यापुढे काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी ते गाडी ठरवून कासवं बघायला गेले, मी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर बसलो. प्रवाळाच्या कड्याच्या आतलं उथळ पाणी बेटाच्या दुपटीहून मोठं आहे. त्यात गुडघाभर पाण्यात बायका ऑक्टोपस धरत होत्या. पायात बूट, हातात लोखंडी सळई. एकीने खडकाच्या फटीत सळई खुपसली, पिरगाळली आणि ओढली. ते जनावर तिच्या कोपरापर्यंत वेटोळं घालून बसलं. तिने शेजारणीशी गप्पा न थांबवता एकेक पाय सोडवला आणि त्याचं डोकं मोज्यासारखं उलटं केलं. हेच ऑक्टोपस मग रस्त्याकडेला काठ्यांवर वाळत घालतात. 2012 पासून दरवर्षी काही आठवडे ही मासेमारी बंद ठेवतात, म्हणजे ते वाढतात. बायका भरतीला परत फिरेपर्यंत मी तिथेच होतो. साडूंच्या मते मी तो दिवस 'फुकट घालवला'.

माझं स्पष्ट मत: दोन रात्रींत रॉड्रिग्स 'करायला' जाणाऱ्याने मॉरिशसच्या रिसॉर्टातच लोळावं, तिकिटाचे पैसे तरी वाचतील. निदान आठवडा काढा. शनिवारी पहाटे पोर्ट मॅथ्युरिनचा बाजार गाठा, उशिरा गेलात तर रिकाम्या टोपल्या दिसतील. एक दिवस सें फ्रान्स्वाहून किनाऱ्याच्या पायवाटेने त्रू दार्जाँ या छोट्या खाडीपर्यंत चाला. बाकी काही ठरवू नका.

खर्चाचं म्हणाल तर मोठा भाग विमानाचा. घरगुती मुक्काम घ्या, रात्रीचं जेवण यजमानांकडेच सांगा. नक्की आकडा देत नाही, तिकिटाचे दर तारखेप्रमाणे बदलतात.

आता अडचणी. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस. एरवी वारा भरपूर, सारखा आणि कानात घुसणारा. बायको त्याला शेवटपर्यंत वैतागली होती. पाण्याची टंचाई खरी आहे, नळ चालू ठेवून दात घासू नका. संध्याकाळी बस मिळेल या भरवशावर राहू नका. धगधगता ज्वालामुखीच हवा असेल तर रॉड्रिग्स सोडा, रियुनियनला जा.

सासुरवाडीत हा विषय निघाला की सगळे साडूंची बाजू घेतात, कारण फोटो त्यांच्याकडे जास्त आहेत. त्यांनाही विचारायचं असेल तर विचारा, पण ते शाकाहारी आहेत हे लक्षात ठेवा. तुम्हीही असाल तर मुक्काम ठरवतानाच सांगून ठेवा, नाहीतर लाल घेवडा, मका आणि मिरचीच्या लोणच्यावर आठवडा काढावा लागेल.