हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी हिशेबातला घोटाळा स्वतःहून का कबूल केला? त्यांना झालेली शिक्षा पुरेशी होती का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: त्यांच्यापुढे दुसरी वाट उरली नव्हती. सत्यमच्या पैशांनी आपल्याच कुटुंबाच्या मेटास कंपन्या विकत घ्यायच्या, म्हणजे ताळेबंदातल्या पोकळ रकमेच्या जागी खरी मालमत्ता दाखवता येईल, हा डिसेंबर 2008 मधला डाव भागधारकांनी उधळून लावला आणि 7 जानेवारी 2009 रोजी राजूंनी संचालक मंडळाला कबुलीचे पत्र लिहिले. रोख व बँकेतली शिल्लक म्हणून दाखवलेल्या 5,361 कोटींपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. याला पश्चात्ताप म्हणायला मी तयार नाही.

एवढी रक्कम लपली कशी, याचे मात्र मला नवल वाटत नाही. 2006 साली बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सीएंकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करीत असताना मी खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या ऑडिटला गेलो होतो, जिथे माझे सख्खे मामा संचालक होते. सेक्रेटरींनी 12 लाखांच्या ठेवपावतीची झेरॉक्स पुढे केली, मूळ पावती लॉकरमध्ये असल्याचे सांगितले आणि सोबत कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या मिठाईचा, डबाही ठेवला. झेरॉक्सवर मुदतीच्या तारखेतला एक आकडा इतरांपेक्षा किंचित वर चढलेला आणि अधिक काळा होता. खात्यात खरोखर किती शिल्लक आहे हे बँकेला विचारणारे आमचे पडताळणीचे पत्र बँकेत आपणच नेऊन देतो, असे ते वारंवार म्हणत होते. मी ते त्यांच्या हाती न देता दुसऱ्या दिवशी बसने बेळगावला आलो. बँकेतल्या अधिकाऱ्याने खाते पाहिले आणि तो एवढेच म्हणाला, "क्लोज आगिदे", म्हणजे बंद झाले आहे. ठेव आठ महिन्यांपूर्वीच मोडलेली होती.

सत्यमच्या ऑडिटरांनी नेमके हेच केले नाही. बँकांकडून थेट घ्यायची खातरजमा त्यांनी कंपनीच्या हातून येऊ दिली. मामांना मात्र आजही सेक्रेटरीपेक्षा माझा राग अधिक आहे. राजूंचा विषय निघाला की, त्या माणसाने हजारो मुलांना नोकऱ्या दिल्या, 108 ची रुग्णवाहिका सुरू केली, असे ते मला मुद्दाम ऐकवतात. 2005 मध्ये हैदराबादेत ती सेवा राजूंनीच सुरू केली हे खरे आहे, पण त्याने खोट्या ठेवपावत्या खऱ्या होत नाहीत.

शिक्षा माझ्या मते अपुरीच. ती प्रत्यक्षात किती भोगली, हेही पाहायला हवे: एप्रिल 2015 मध्ये सात वर्षांची कैद व पाच कोटींचा दंड झाला असला, तरी पुढच्याच महिन्यात अपिलात शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला, तुरुंगवास झाला तो मुख्यतः खटल्याआधी आणि खटला चालू असताना.

आपण कोणत्या संस्थेत ठेव ठेवली असेल, तर तिचे ऑडिट करणारा बँकेत स्वतः जातो का, एवढे विचारा. मामांचे म्हणणे असे की त्या दिवशी मी आधी त्यांना विचारायला हवे होते. विचारले असते, तर त्यांनी मला जाऊच दिले नसते.