प्रोसेसर बदलू का?

प्रश्न : मिरजेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. मशीनमध्ये आय-३ ४१३० प्रोसेसर, एच-८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. लग्नपत्रिका पेजमेकर या पान मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो; वर्षभरापासून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या व्हिडिओ पत्रिकाही करतो. मशीन फार अडकतं. ओळखीचा दुकानदार चार कोअरचा, म्हणजे काम करणारे चार भाग असलेला, जुना आय-७ ४७७० बसवून देतो म्हणतोय. लग्नसराईआधी घेऊन टाकू का?

उत्तर : लगेच नको. आधी एक दिवस मशीनवर नजर ठेवा. अडकलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला असेल, तर प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलाय. सीपीयू २५ टक्क्यांच्या आसपास थांबून पुढे सरकत नसेल, तर काम एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चाललंय. तुमच्या आय-३ मध्ये खरे कोअर दोन, पण विंडोजला ते चार दिसतात; म्हणून एकाचं काम पाव भाग.

पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. दोन कोअरचे घरगुती प्रोसेसर आले २००५ मध्ये. म्हणून पेजमेकर एकाच कोअरवर चालतो; त्याला चार कोअर द्या की आठ, पान तेवढ्याच वेळात हलणार.

माझ्या बहिणीचंही असंच दुकान आहे. ती मशीन चालू करून दुकान झाडायची, पाणी भरायची, देवाला उदबत्ती लावायची, तेव्हा कुठे पेजमेकर उघडायचा. मागच्या वर्षी तिला फक्त एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, बसवून दिली आणि रॅम ८ जीबी केली. आता झाडू कोपऱ्यात ठेवायच्या आत पहिली पत्रिका स्क्रीनवर असते. तुम्हीही आधी हेच करा. एच-८१ बोर्डावर साटाची, म्हणजे डिस्क जोडायची, दोन पोर्ट वेगवान आणि दोन संथ असतात. एसएसडी वेगवान पोर्टलाच लावून घ्या. रॅम डीडीआर-३ च लागेल.

व्हिडिओचं मात्र वेगळं. तो तयार होताना सगळे कोअर राबतात, तिथे आय-७ चा फरक नक्की जाणवेल. तरी वेळ सरळ निम्म्यावर येईल असं धरू नका. कामाचा पाचवा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर एका कोअरच्या जागी चार आले तरी वेग अडीच पटच होतो. रोज चार-पाच व्हिडिओ निघत असतील तर घ्या. आठवड्याला एखादा असेल तर रात्री लावून घरी जा. आणखी एक, हे दोन्ही प्रोसेसर चौथ्या पिढीचे, ते विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. या बोर्डावर फार पैसा ओतू नका, असं मी मनापासून सांगतो.

घेतलाच, तर पंखा आय-३ चा ठेवू देऊ नका. आय-३ प्रोसेसर ५४ वॉटचा, आय-७ ८४ वॉटचा, म्हणजे जास्त तापणारा. प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली पेस्टही नवी लावायला सांगा, आणि समोर उभं राहून लावून घ्या.